एस फॉर शुगरचे १३७ बॉम्ब आणि एका लिबरेटरचे तीन नंबर

कागदी_विमान

नमस्कार मंडळी. १:७२ मापाचं लँकॅस्टर, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश बॉम्बर, जोडायला घेतलंय. सांगाडा जुळला, पंख लागले, टरेट (बंदुकांचे फिरते बुरूज) बसले, आणि रंगकामापाशी घोडं अडलंय.

विमान ठरलेलं आहे: आर५८६८, ‘एस फॉर शुगर’. लंडनला हेंडनच्या हवाई दल संग्रहालयात ते आजही उभं आहे. नाकाच्या डाव्या अंगाला पिवळ्या बॉम्बच्या ओळीच्या ओळी आणि खाली हिटलरच्या हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग याची ती फुशारकी, की शत्रूचं एकही विमान राइशच्या, म्हणजे जर्मनीच्या, हद्दीवर उडणार नाही. असं वाक्य बॉम्बरच्याच नाकावर रंगवणाऱ्याला मानलं पाहिजे.

किटच्या माहितीपत्रकात मात्र सावळा गोंधळ आहे. (कंपनीचं नाव घेत नाही, उगाच वाद नको.) चित्रात युद्ध संपतानाची पूर्ण बॉम्बसंख्या, पण कोड ओएल-क्यू. शिवाय पोटाखाली रडारचा घुमट आणि शेपटीत मोनिकाचा अँटेना. हे सगळं एकाच दिवशी एकाच विमानावर होतं, यावर माझा तरी विश्वास बसत नाही. मग कोणती तारीख पकडून रंगवू? आणि ते १३७ बॉम्ब खरे की कौतुकाचे?

दप्तरी

शंका रास्त आहे. आधी अक्षरांचं बघू. विमानाचा सीरियल नंबर आर५८६८. तो कारखान्यात मिळतो आणि भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. शेपटीच्या जरा अलीकडे, मळकट लाल रंगात, आठ इंच उंचीचा. धावपट्टीच्या पलीकडून वाचताही येत नाही. लांबून दिसतात ती मोठी अक्षरं म्हणजे कोड: पहिली दोन स्क्वाड्रनची (विमानांच्या तुकडीची), तिसरं त्या विमानाचं. विमान दुसऱ्या स्क्वाड्रनला गेलं की कोड पुसून नवा. एखादं ‘एस’ परत आलं नाही की त्याच्या जागी येणाऱ्या विमानाला तेच ‘एस’ मिळायचं. त्यामुळे नुसतं ‘एस फॉर शुगर’ धरून दप्तर चाळायला बसलात तर भलत्याच विमानाचा पराक्रम हाती लागेल.

आर५८६८ मँचेस्टरला मेट्रोपोलिटन-विकर्सनं बांधलं. जून १९४२च्या अखेरीस ते स्कॅम्प्टनला ८३ स्क्वाड्रनकडे आलं. कोड ओएल-क्यू, हाकेचं नाव ‘क्वीनी’. पहिली मोहीम जुलैत, विल्हेल्म्सहाफेनवर. ऑगस्टमध्ये पाथफाइंडर दल (पुढे जाऊन लक्ष्य शोधून खूण करणारं) उभं राहिलं आणि ८३ स्क्वाड्रन त्यात जाऊन वायटनला हलली. पुढच्या वर्षी सप्टेंबरात हे विमान ऑस्ट्रेलियन हवाई दलाच्या ४६७ स्क्वाड्रनकडे बॉट्सफर्डला गेलं, आणि नोव्हेंबरात स्क्वाड्रनबरोबर वॉडिंग्टनला. ‘एस’ झालं ते ४६७मध्ये: पीओ-एस. गोअरिंगचं वाक्यही तिथलंच, स्क्वाड्रनमधल्या एका फिटरनं रंगवलेलं.

म्हणजे ओएल-क्यू आणि गोअरिंग, दोन्ही एकत्र नकोतच. किटवाल्यांनी हे कुठून उचललं असेल याचा अंदाज आहे. १९५९ ते १९७० हे विमान स्कॅम्प्टनच्या फाटकाशी शोभेला उभं होतं, आणि तिथे त्याला ८३चा जुना कोड दिला होता. त्या काळातले रंगीत फोटो बरेच मिळतात. युद्धकाळातले रंगीत जवळजवळ नाहीतच. चित्रकारानं रंगीत फोटो पाहिला आणि मोकळा झाला.

निळी_शाई

वाचतेय. एक बाळबोध प्रश्न: एक बॉम्ब रंगवला म्हणजे एक बॉम्ब टाकला असं असतं का? आणि मग एवढ्या बॉम्बना नाकावर जागा कशी पुरते? :)

दप्तरी

निळीताई, एक चिन्ह म्हणजे एक मोहीम. एका मोहिमेत काय भरलं जायचं ते लक्ष्यावर ठरे. शहरावर जायचं असेल तर साधारणपणे एक ४००० पौंडी ‘कुकी’ आणि बाकी जागेत आगलावे बॉम्ब. जवळचं लक्ष्य असेल तर इंधन कमी, बॉम्ब जास्त. लँकॅस्टरचा बॉम्ब बे (पोटातला बॉम्बचा कप्पा) ३३ फूट लांब, मध्ये एकही आडवी भिंत नाही. त्यामुळेच पुढे १२,००० पौंडी टॉलबॉय त्यात बसू शकला, आणि दारं काढून २२,००० पौंडी ग्रँड स्लॅमसुद्धा.

चिन्हांचे प्रकारही होते. इटलीवरच्या मोहिमेसाठी काही विमानांवर आइस्क्रीमचा कोन काढलेला दिसतो. ग्राउंड क्रूचा हा विनोद. रंगवायचं काम त्यांचंच असायचं, विमानही त्यांचंच. उडणारी माणसं ते एका रात्रीपुरतं उसनं नेतात, अशी त्यांची पक्की समजूत.

आता कागदी_विमान यांच्या मूळ प्रश्नाकडे. संग्रहालय १३७ धरतं. मे १९४४मध्ये वॉडिंग्टनला शंभरावी मोहीम साजरी झाली; बेल्जियममधल्या बुर्ग-लेओपोल्डवरची ती. फोटोग्राफर आले, शंभरावा बॉम्ब रंगवतानाचे फोटो निघाले, वर्तमानपत्रांत छापून आले. पण ४६७कडे विमान आलं तेव्हा ८३मधल्या मोहिमा मागच्या दप्तरावरून मोजाव्या लागल्या होत्या. दोन्ही स्क्वाड्रनची दप्तरं आणि नाकावरची बेरीज जुळत नाही, असं म्हणणारे अभ्यासक आहेत. त्यांच्या हिशेबानं खरा आकडा थोडा खाली येतो. माझं मत विचाराल तर नाकावरचे बॉम्ब म्हणजे ग्राउंड क्रूचा दावा. पुरावा हवा तर फॉर्म ५४१ काढावा. स्क्वाड्रनच्या रोजच्या नोंदींचा तो तक्ता: विमानाचा सीरियल, क्रूची नावं, उडाल्याची वेळ, उतरल्याची वेळ. लंडनला क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एअर २७’ मालिकेत ही दप्तरं आहेत. टंकलेखनाच्या चुका तिथेही असतात, म्हणून वैमानिकांच्या लॉगबुकाशी ताडून बघायचं.

रोखठोक

१३७ की १३२ यावर किती डोकेफोड! प्रत्येक पिवळ्या बॉम्बखाली एक शहर होतं, ते कोणी मोजलं? जुलै १९४३च्या शेवटच्या आठवड्यात हॅम्बर्गमध्ये पस्तीस-चाळीस हजार माणसं गेली. मॉडेल करा, पण निदान जाणीव असू द्या.

दप्तरी

जाणीव आहे, आणि मोजणी त्यासाठीच करायची. कोणतं विमान कुठल्या रात्री कुठे होतं हे नीट ठरल्याशिवाय खालच्या शहराचाही हिशेब लागत नाही. हॅम्बर्गच्या अभ्यासकांनाही हाच फॉर्म ५४१ लागतो. आणि मोजायचंच तर बॉम्बर कमांडचे, म्हणजे ब्रिटिशांच्या बॉम्बर दलाचे, स्वतःचे मृत ५५,५७३. उडालेली माणसं सव्वा लाखाच्या आसपास.

रोखठोक

मान्य. पण गोअरिंगच्या त्या वाक्यावर हसू येत नाही, एवढंच.

मागचा_गनर

धागा बराच लांब जाणार असं दिसतंय. बैठक मारून लिहितो, कारण उपकरणांचा घोळ रंगापेक्षा मोठा आहे.

किटमध्ये मोनिकाचा अँटेना दिला आहे म्हणता. मोनिका म्हणजे शेपटीतलं छोटं रडार. मागून विमान आलं की क्रूच्या कानात टकटक वाजायचं. अडचण अशी की आपलंच शेजारचं लँकॅस्टर जवळ आलं तरी ते वाजे, आणि पाचशे-सातशे विमानांच्या झुंडीत ते सारखंच वाजणार. त्याहून वाईट म्हणजे मोनिका स्वतः लहरी फेकत असे. जर्मनांनी त्या लहरींचा माग काढणारं ‘फ्लेन्सबुर्ग’ नावाचं यंत्र रात्रीच्या लढाऊ विमानांत बसवलं. जे सावध करायला लावलं तेच वैऱ्याला वाट दाखवू लागलं. हे ब्रिटिशांना कळलं कसं? १३ जुलै १९४४ला एक जर्मन युंकर्स ८८ विमान रस्ता चुकून इंग्लंडमधल्या वुडब्रिजच्या धावपट्टीवर उतरलं. यंत्रांसकट, अख्खं. चाचण्या झाल्या आणि मोनिका काढून टाकायचा हुकूम निघाला. म्हणजे १९४५चं मॉडेल असेल तर मोनिका नकोच. १९४४च्या वसंतातलं असेल तर चालेल, पण त्या विमानाच्या फोटोत दिसला तरच लावा.

एच२एसचा घुमटही तसाच. हे जमिनीचा नकाशा दाखवणारं रडार. पाण्याचा काठ उत्तम दिसे, म्हणून किनाऱ्यावरची नि नदीकाठची शहरं सापडत. बर्लिनसारखं पसरलेलं शहर म्हणजे पडद्यावर नुसता उजेड. पहिला वापर जानेवारी १९४३च्या अखेरीस हॅम्बर्गवर झाला, तोही स्टर्लिंग आणि हॅलिफॅक्स या दुसऱ्या ब्रिटिश बॉम्बरांवरून; लँकॅस्टरना नंतर मिळालं. तेव्हा १९४२ची ‘क्वीनी’ करायची असेल तर पोट सपाट ठेवा.

मागच्या टरेटचं सांगायचं राहिलं. एफएन २०, चार ब्राउनिंग, .३०३ची. कारखान्यातून येताना पुढे पारदर्शक प्लास्टिक असायचं. त्यावर धूळ बसायची, तेलाचे शिंतोडे यायचे, आणि रात्री असा एक ठिपका म्हणजे शत्रूचं विमान की डाग हे कळायला दोन सेकंद लागत. तेवढे नसायचे. मग गनर लोकांनी समोरचं प्लास्टिकच कापून काढायला लावलं. उणे चाळीस अंशात, विजेच्या तारा विणलेला सूट घालून, उघड्या हवेत आठ तास. तुमच्या फोटोत टरेटचा मधला भाग काळपट आणि रिकामा दिसत असेल तर किटमधला पारदर्शक भाग तिथे खुशाल कापा. मॉडेल पाहणारे म्हणतील तुटलंय. म्हणू देत.

अभियंता_निवृत्त

वरच्या प्रतिसादाला जोडून. उपकरणांत सुटकेच्या दाराचाही विचार करा, बाहेरून दिसत नसलं तरी. लँकॅस्टरच्या नाकातल्या खालच्या झडपेची रुंदी २२ इंच. हॅलिफॅक्सची २४. दोन इंचांचा फरक. पाठीला नाही तर छातीला पॅराशूट अडकवून, अंधारात, गिरक्या घेणाऱ्या विमानातून त्यातून बाहेर पडायचं. बॉम्बर कमांडच्या संशोधन विभागात तेव्हा तरुण फ्रीमन डायसन आकडेमोड करत होता, पुढे मोठा भौतिकशास्त्रज्ञ झाला तोच. हॅलिफॅक्स पडलं की साधारण चौथाई माणसं जिवंत उतरत, लँकॅस्टरमधली पंधरा टक्क्यांच्या आसपास, असं त्या विभागाच्या आकड्यांत दिसलं. झडप मोठी करा म्हणून पाठपुरावा झाला. नवीन झडप येईपर्यंत युद्ध संपत आलं होतं.

आणि मधून जायचं तर पंखांचा मुख्य स्पार (आडवी तुळई) वाटेत. जाडजूड कपड्यांत तो ओलांडायला धडधाकट माणसालाही जड जायचं. हेंडनला बाहेरून फक्त रुबाब दिसतो.

सातारकर

दप्तरी, ८३ स्क्वाड्रनचा विषय निघालाच आहे तर शैलेंद्र एकनाथ सुखटणकर यांचं नाव कोणीच कसं घेतलं नाही? काखेत कळसा! नॅव्हिगेटर होते, ८३ स्क्वाड्रनमध्येच, पाथफाइंडर. डीएफसी हे शौर्यपदक मिळालेले. आणि मुख्य म्हणजे त्यांनी ज्या विमानांतून मोहिमा केल्या त्यात हे आर५८६८ही आहे. म्हणजे कागदी_विमान, तुमच्या नाकावरचे चौदा बॉम्ब आपल्या माणसाचे.

कागदी_विमान

सातारकर, काय सांगता! अंगावर काटा आला. हे खरंच माहीत नव्हतं. मग आता पीओ-एस सोडून ओएल-क्यूच करावं की काय?

दप्तरी

सुखटणकरांचं नाव दप्तरातही भेटतं, सातारकर बरोबर सांगतायत. पाथफाइंडरांचा हिशेब इतरांपेक्षा वेगळा होता. साध्या स्क्वाड्रनमध्ये तीस मोहिमांची एक फेरी, मग विश्रांती, मग वीसची दुसरी. पाथफाइंडरला सलग ४५. सुखटणकरांच्या नावावर तेवढ्याच आहेत.

नॅव्हिगेटरचं काम कसं चाले ते सांगतो, म्हणजे मॉडेलमध्ये त्यांची जागा कुठे ते कळेल. वैमानिकाच्या मागे, विमानाच्या डाव्या बाजूला टेबल. चेहरा खिडकीकडे, पण खिडकीवर पडदा, कारण दिवा बाहेर दिसता कामा नये. अख्खी मोहीम हा माणूस बाहेर बघत नाही. समोर ‘जी’ नावाच्या यंत्राचा हिरवा पडदा. इंग्लंडमधल्या जमिनीवरच्या केंद्रांकडून येणाऱ्या संकेतांमधला काळाचा फरक मोजायचा आणि वक्र रेषांच्या खास नकाशावर जागा टिपायची. दर सहा मिनिटांनी. सहाच का, तर सहा मिनिटं म्हणजे तासाचा दहावा हिस्सा. वेग भागिले दहा केलं की अंतर तोंडी येतं. ऑगस्ट १९४२पासून जर्मन ‘जी’त गोंगाट घालू लागले. त्यामुळे युरोपच्या आत शिरल्यावर पुन्हा वारा, वेग, दिशा आणि पेन्सिल. पाथफाइंडर चुकला तर मागून येणारी सगळी विमानं चुकणार, हे डोक्यावर घेऊन.

लोहगाव_रोड

लँकॅस्टरवाल्यांनो, आमच्या पुण्याचं हेवी बॉम्बर विसरू नका. अमेरिकी बनावटीचं बी-२४ लिबरेटर.

१९५१ला भारतीय हवाई दलाची ६ स्क्वाड्रन पुण्यात लिबरेटरवर नव्यानं उभी राहिली. काम समुद्रावर लक्ष ठेवण्याचं. त्याआधी १९४८च्या नोव्हेंबरात कानपूरला ५ स्क्वाड्रन, तीही लिबरेटरवरच. ही विमानं आली कुठून याची गोष्ट मोठी आहे. युद्धात अमेरिकेनं लेंड-लीज या उसनवारीच्या करारानं ब्रिटिशांना दिलेली लिबरेटरं बंगालमधल्या तळांवरून ब्रह्मदेशावर जात. युद्ध संपल्यावर ती कानपूरच्या चकेरी तळावर आणून निकामी करण्यात आली. करार तसा होता: परत द्या नाही तर मोडा. उपकरणं फोडली, इंजिनं नासवली आणि विमानं उन्हापावसात सोडली.

स्वातंत्र्यानंतर हवाई दलाला लांब पल्ल्याचं बॉम्बर हवं होतं आणि हातात पैसा नव्हता. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्या ढिगातून एकाचं इंजिन, दुसऱ्याचं चाक, तिसऱ्याचं टरेट असं करत चाळीसच्या आसपास विमानं उभी केली. कानपूरला जेमतेम उडण्याजोगं करायचं आणि पुढच्या डागडुजीसाठी बंगळुरूला न्यायचं. कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी ती नेत. एवढ्या मोडक्या विमानांत बसायचं म्हणजे शेंडी तुटो की पारंबी तुटो. आणि ही विमानं चालली किती, तर १९६८पर्यंत! जगात सगळ्यात शेवटी लिबरेटर कामावर असलेलं हवाई दल आपलं.

आमचे तात्या, म्हणजे माझे चुलते, लोहगावला एअरफ्रेम फिटर होते. त्यांच्याकडून ऐकलेलं: लिबरेटरचे बॉम्ब बेचे दरवाजे बाहेर न उघडता दुकानाच्या शटरसारखे अंगावरून वर सरकत. सरकायच्या खाचेत वाळू-चिखल गेला की अडकत, आणि मग फिटर लोकांनी रॉकेलचा बोळा घेऊन आडवं व्हायचं. आत बॉम्बच्या दोन रांगांमधून जाणारी पायवाट जेमतेम एका पावलाची. इंधनाचा वास कायम. उडताना बॉम्ब बे किंचित उघडा ठेवत, वाफ साचू नये म्हणून. तात्या विडी ओढत, पण लिबरेटरवर ड्यूटी असली की पेटी घरी ठेवून जात.

निळी_शाई

तात्यांचा किस्सा झकास! रोखठोक, आता तरी हसा.

मागचा_गनर

लोहगाव_रोड, उत्तम. यातलंच एक विमान इंग्लंडमध्ये आहे. कॉसफर्डच्या संग्रहालयात. त्याला तीन नंबर आहेत: अमेरिकन ४४-५०२०६, ब्रिटिश केएन७५१, भारतीय एचई८०७. १९७४ला भारतानं दिलं, आणि ते स्वतःच्या इंजिनांवर उडत इंग्लंडला गेलं. आज ते रॉयल एअर फोर्सच्या ९९ स्क्वाड्रनच्या रंगात आहे, कोड ‘एफ’. ही स्क्वाड्रन आधी बंगालात होती आणि युद्धाच्या शेवटी कोकोस बेटांवर गेली.

रंगवणाऱ्यांसाठी त्या आघाडीची खूण सांगतो. तिथल्या ब्रिटिश विमानांच्या राउंडेलमधला (अंगावरच्या राष्ट्रीय गोल खुणेतला) लाल गोल काढून टाकला होता. जपानी विमानावर लाल सूर्य. घाईत कोणी लाल बघून गोळी झाडायचा. म्हणून निळ्याच्या दोन छटा किंवा निळा-पांढरा. युरोपातल्या लँकॅस्टरच्या पंखांवर नेमकं उलट: रात्री चमकू नये म्हणून पांढरा काढलेला, लाल आणि निळा शिल्लक.

लोहगाव_रोड

माझा आक्षेप त्या ‘एफ’वरच आहे. हे विमान ब्रिटिशांकडे लढलं काही महिने. आपल्याकडे उडालं वीस वर्षांच्या घरात. चिखलातून काढलं आपण, उडवलं आपण, इंग्लंडपर्यंत पोचवलं आपल्या लोकांनी. आणि अंगावर एक भारतीय रेघ नाही?

अभियंता_निवृत्त

संग्रहालय त्यांच्या हवाई दलाचं आहे, त्यांनी त्यांचा इतिहास दाखवावा यात गैर काय? आपल्याकडे पालमच्या संग्रहालयात लिबरेटर आहे, ते आपल्या रंगात आहे. बास.

लोहगाव_रोड

काका, तसं असेल तर अमेरिकेतली बघा. कॉलिंग्ज फाउंडेशनचं लिबरेटर कानपूरच्या ढिगातलंच. १९८९ला पुन्हा उडालं, पुढे त्याला ‘विचक्राफ्ट’ नाव दिलं. मूळचं ‘विचक्राफ्ट’ हे अमेरिकेच्या ४६७ बॉम्ब ग्रुपचं वेगळंच विमान, इंग्लंडहून १३० मोहिमा केलेलं. कॉलिंग्जच्या विमानानं अमेरिकन वायुसेनेकडून एकही मोहीम केलेली नाही. ऍरिझोनात पिमाला एक आहे, कॅनडात ओटावाला एक आहे. दोन्ही आपलीच, दोन्ही दुसऱ्यांच्या कपड्यांत.

मागचा_गनर

४६७चा योगायोग बघा, ऑस्ट्रेलियन स्क्वाड्रनही ४६७. गूगल करणाऱ्यांचे हाल.

दप्तरी

यात मी लोहगाव_रोड यांच्या बाजूचा, पण कारण थोडं वेगळं आहे. उसने रंग लँकॅस्टरवरही आहेत. ब्रिटनमध्ये उडणारं पीए४७४ युद्धाच्या शेवटी चेस्टरजवळ बांधलं; त्यानं एकही बॉम्ब टाकलेला नाही. दर काही वर्षांनी त्याला दुसऱ्या एखाद्या विमानाची खूण देतात. मध्यंतरी डाव्या बाजूला एका ऑस्ट्रेलियन स्क्वाड्रनचं ‘लीडर’ आणि उजव्या बाजूला ५० स्क्वाड्रनचं व्हीएन-टी. त्याला कोणाची हरकत नसते, कारण पीए४७४कडे स्वतःची रंगवण्याजोगी कहाणीच नाही. ज्या लँकॅस्टरच्या मोहिमा सर्वांत जास्त, १४० धरतात, ते ईडी८८८, ‘माइक स्क्वेअर्ड’, १९४७ला भंगारात गेलं. त्याचे रंग कोणीतरी घालणं समजू शकतो.

एचई८०७चं तसं नाही. त्याच्याकडे स्वतःची वीस वर्षांची सेवा आहे, ती झाकून काही महिन्यांची दाखवली आहे. शिवाय ‘स्वतःची’ म्हणताना तात्यांच्या पिढीचा हातही धरा: यातल्या विमानांत कोणतं इंजिन नि कोणतं टरेट मुळात कुठल्या नंबराचं होतं ते सांगता येत नाही. नंबर सांगाड्याबरोबर जातो, बाकी सुटे भाग कानपूरचे. त्या जुळणीची कहाणी फक्त भारतीय रंगातच सांगता आली असती.

अभियंता_निवृत्त

जुळणीच म्हणाल तर तुमचं लाडकं आर५८६८ही अखंड नाही. २६ नोव्हेंबर १९४३च्या रात्री बर्लिनवर ते दुसऱ्या लँकॅस्टरला घासलं. पंखाचं टोक गेलं. तसंच ओढत आणून यॉर्कशरमध्ये लिंटन-ऑन-ऊझला उतरवलं. पुढचे काही आठवडे दुरुस्तीत.

दप्तरी

काका, अगदी बरोबर, आणि हे कागदी_विमान यांच्या कामाचं आहे. मे १९४४चं मॉडेल करणार असाल तर त्या पंखाच्या टोकाचा रंग बाकीच्यापेक्षा जरा ताजा दाखवा. गडद हिरवा आणि गडद माती, दोन्ही एक छटा कमी उडालेले.

रोखठोक

लोहगाव_रोड, तात्यांकडे फोटो आहेत का? लिबरेटर भारतीय खुणांसह कसं दिसत होतं ते बघायला आवडेल.

लोहगाव_रोड

तात्या आता नाहीत. एक फोटो आहे, त्यात विमानापेक्षा तात्या जास्त आणि मागे शेपटीचा एक उभा पंख. स्कॅन करून टाकतो.

कागदी_विमान

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. ठरलं. पीओ-एस, मे १९४४, शंभराव्या मोहिमेनंतरचं. डिकॅलमधले (चिकटवायच्या छापील चित्रांमधले) वरचे बॉम्ब कापून टाकतो, गोअरिंग ठेवतो, टरेटचं प्लास्टिक कापतो, घुमट आणि मोनिका फोटो बघून. उजव्या... की डाव्या पंखाचं टोक ताजं? आणि खालचा काळा किती मॅट ठेवू? बाटलीवर ‘नाइट’ लिहिलंय, पण लावल्यावर कोळशासारखा नाही, बुटाच्या पॉलिशसारखा दिसतो.

आणि सुखटणकरांसाठी दुसरं किट मागवलंय. ओएल-क्यू, १९४२, सपाट पोटाचं. बायको अजून अनभिज्ञ आहे.

मागचा_गनर

टोकाचं दप्तरी सांगतील. काळा निखळ मॅट हवा, काजळीसारखा, आणि बाजूनं बराच वर चढवा, थेट पंखाच्या रेषेच्याही वर. इंजिनच्या धुराड्यामागे पंखावर राखाडी-तपकिरी पट्टा ओढा. शिशाच्या पेट्रोलचा डाग तसाच पडतो. पंखाखाली राउंडेल नाही, किटमध्ये दिला असला तरी लावू नका.

लोहगाव_रोड

दुसरं किट मागवताय तर लिबरेटरच मागवा की राव! पुण्याचं करा. फक्त साल बघून राउंडेल लावा: १९५०च्या आधीचं असेल तर पांढऱ्या गोलावर निळं अशोकचक्र, नंतरचं असेल तर केशरी-पांढरा-हिरवा. ६ स्क्वाड्रनचं केलंत तर तिरंगी. चोवीस आऱ्यांचं चक्र काढायचा त्रास वाचेल.